घशाचे दुखणे हृदयावर बेतते तेव्हा

दिवाळी सरून थंडी पडू लागली की शाळकरी मुलांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नाक वाहते, खोकला येतो, घसा धरतो. घरोघरी हळद-मिठाच्या गुळण्या सुरू होतात, दोन-तीन दिवसांत मूल पुन्हा अंगणात खेळायला लागते आणि सगळे ते दुखणे विसरून जातात. दहांपैकी सात-आठ मुलांच्या बाबतीत विसरून जाणेच योग्य असते. उरलेल्या दोन-तीन मुलांच्या घशात मात्र असा एक जंतू असतो, की तो घशातून निघून गेला तरी त्याची गोष्ट तिथे संपत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्यांतल्या एखाद्या मुलाचे गुडघे सुजतात, ताप येतो आणि तपासताना हृदयाच्या ठोक्यांत वेगळाच आवाज ऐकू येतो.

अशा वेळी पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, घसा दुखला त्याचा आणि हृदयाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. हा संबंध जंतूने नव्हे, तर आपल्याच शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेल्या शस्त्राने जोडलेला असतो. तो कसा, हे एकदा नीट समजले की दहा दिवसांचे औषध का पुरे करायचे आणि वर्षानुवर्षे तीन आठवड्यांनी इंजेक्शन का घ्यायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आजचा लेख थोडा मुळापासून.

जंतूची ओळख

या जंतूचे नाव स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो माळेत ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. त्याचे अनेक गट आहेत. अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत आयुष्यभर याच जंतूचा अभ्यास केलेल्या रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली हे गट पाडले आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली. आपल्याला आज ज्याची काळजी आहे तो 'ए' गटातला.

याच बाईंनी त्याआधी, १९२८ साली, या जंतूच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असल्याचे दाखवले होते. त्याला 'एम' प्रथिन म्हणतात. गव्हाच्या ओंबीवर जशी कुसे असतात, तसे हे प्रथिन जंतूच्या पृष्ठभागावर सर्व बाजूंनी बाहेर आलेले असते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काम जंतूंना गिळून टाकण्याचे. पण या कुसांमुळे पांढऱ्या पेशींना हा जंतू सहजासहजी पकडता येत नाही. म्हणजे एम प्रथिन हे त्याचे चिलखत आहे. ज्या ए गटाच्या जंतूवर हे चिलखत नसते, तो फारसा उपद्रव करू शकत नाही.

कुसाची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचे बाहेरचे टोक प्रत्येक जातीत वेगळे असते. अशा २०० हून अधिक जाती आज माहीत आहेत. जंतूच्या अंगाजवळचा बुंधा मात्र बहुतेक जातींत जवळजवळ सारखा असतो. दुसरी गोष्ट, हे प्रथिन दोन पेडांच्या दोरीसारखे एकमेकांभोवती पीळ घातलेले असते. या पिळाचा उल्लेख पुढे येणार आहे.

शरीराचा प्रतिकार

जंतू घशात शिरला की पहिले काही दिवस सरसकट सगळ्या परक्यांवर चालून जाणाऱ्या पेशी लढतात. घसा लाल होणे, गिळताना दुखणे, जबड्याखाली गाठी येणे, ताप चढणे ही सगळी त्या लढाईची लक्षणे. दरम्यान शरीर दुसरी तयारी करत असते. जंतूच्या अंगावर काय काय आहे याची नोंद घेऊन नेमक्या त्याच गोष्टीला चिकटणारे पदार्थ तयार केले जातात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो. त्याची दोन टोके जंतूवरच्या विशिष्ट प्रथिनावर अगदी कुलपात किल्ली बसावी तशी बसतात, आणि शेपटाकडची बाजू पांढऱ्या पेशीला धरायला सोपी मूठ देते. चिलखत घातलेला जंतू मग पांढऱ्या पेशींना पकडता येतो.

ही प्रतिपिंडे एका दिवसात तयार होत नाहीत. साधारण आठवड्याभराने ती रक्तात दिसू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांचा भर येतो. घसा बहुधा त्याआधीच बरा वाटू लागलेला असतो. मुलाचा घसा बरा झाला म्हणून आपण निश्चिंत होतो, तेव्हाच त्याच्या रक्तात प्रतिपिंडांची भरती चालू असते. हा काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे.

कुसाच्या टोकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे फार उपयोगी असतात. त्या जातीचा जंतू पुढे वर्षानुवर्षे त्या मुलाला सहसा पुन्हा सतावत नाही. पण टोक जातीगणिक वेगळे, म्हणून एका जातीची प्रतिपिंडे दुसरीवर चालत नाहीत. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, पण जंतूमुळे होणारी घसादुखी एकाच मुलाला पुन:पुन्हा का होते, याचे उत्तर यात आहे. पाच ते पंधरा या वयात मुले एकामागून एक जातींना तोंड देत असतात. मोठेपणी हा साठा वाढलेला असतो, त्यामुळे त्रासही कमी होतो.

चोर समजून घरच्यावरच वार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या हृदयाच्या स्नायूत मायोसिन नावाचे प्रथिन असते. त्याचा मोठा भागही दोन पेडांच्या दोरीसारखा पिळलेला असतो. निसर्गात अशी पिळाची ठेवण अनेक प्रथिनांत आहे आणि जंतूचे एम प्रथिन त्यांपैकीच एक. काही मुलांच्या शरीरात जंतूविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांतल्या काहींना हा पीळ आणि तो पीळ यांत फरक करता येत नाही. जंतूच्या अंगावरील एका शर्करेविरुद्धच्या प्रतिपिंडांचीही अशीच गफलत होते. अंधारात चोरामागे धावणाऱ्याने तसाच सदरा घातलेल्या घरच्या माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार आहे.

ही प्रतिपिंडे हृदयाच्या झडपांच्या नाजूक अस्तराला चिकटतात. अस्तर सुजते. सुजलेल्या अस्तरातून पांढऱ्या पेशी झडपेत शिरतात. त्यांतल्या काही पेशीही एम प्रथिनाशी लढायला शिकून आलेल्या असतात आणि त्यांचीही तीच फसगत होते. झडप सुजते, पुढे जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. जखम भरली तरी जसा वण राहतो, तसा वण झडपेवर राहतो. सांध्यांनाही सूज येते, पण ती मागे काही न ठेवता उतरते. मुलगा पुन्हा पळायला लागतो म्हणून घरच्यांना वाटते, दुखणे गेले. सांध्याचे दुखणे जाते हे खरेच, पण झडपेचे राहते.

या आजाराला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, मराठीत संधिज्वर म्हणू. म्हातारपणी गुडघे झिजून होणारा संधिवात किंवा बायकांमध्ये जास्त आढळणारा, हाताची बोटे वाकडी करणारा आमवात यांच्याशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यांनाच तो का होत नाही? उपचार न केलेल्या घसादुखीच्या मोठ्या साथीतही शंभरात फार तर तिघांना संधिज्वर झाल्याचे आढळले आहे. काही घराण्यांत शरीराची ठेवणच अशी असते की ही गफलत होण्याची शक्यता जास्त. दुसरे कारण म्हणजे पुन:पुन्हा होणारा संसर्ग. एका खोलीत सात-आठ माणसे, वर्गात एका बाकावर चौघे, खिडक्या बंद. अशा ठिकाणी खोकल्याच्या तुषारांतून जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन यायच्या आधीच घरे मोकळी झाली, तसा हा आजारही कमी होऊ लागला होता. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही.

ओळखावा कसा?

घसा दुखून गेल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठा सांधा दुखू लागतो. गुडघा, घोटा, कोपर किंवा मनगट. सांधा सुजतो, लाल होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. विशेष म्हणजे आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर असे दुखणे जागा बदलत जाते. वाढत्या वयाची पायदुखी रात्री होते आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जाते. त्यात सांधा सुजत नाही, तापही येत नाही. हा फरक ओळखावा.

हृदयाला सूज असेल तर मूल थोड्या श्रमाने दमते, धाप लागते, छातीत धडधडते. पण पुष्कळदा हृदयाची तक्रार काहीच नसते. म्हणून सांधे सुजलेल्या प्रत्येक मुलाची छाती डॉक्टरांनी स्टेथॉस्कोपने ऐकली पाहिजे आणि शंका असल्यास टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतली पाहिजे. या तपासणीला दुखत नाही, सुई टोचत नाही.

एक लक्षण फार चकवणारे आहे. काही मुलांत, विशेषत: मुलींत, घसा दुखल्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. अक्षर बिघडते, हातातून भांडी पडतात, चेहरा वाकडातिकडा होतो, मूल उगीच रडते. शाळेत बाई रागावतात, मुले चिडवतात, घरी कोणी नजर उतरवतो, कोणी अंगारा लावतो. प्रत्यक्षात इथेही त्याच प्रतिपिंडांची गफलत असते. या वेळी हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागातील पेशींवर ती चिकटलेली असतात. हा त्रास बहुतेक मुलांत काही महिन्यांत ओसरतो, पण तो संधिज्वरच आहे आणि त्या मुलीचे हृदय तपासलेच पाहिजे.

डकेट जोन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९४४ साली संधिज्वर ठरवण्याचे नियम घालून दिले. २०१५ साली ते सुधारले गेले. ज्या भागांत हा आजार जास्त आहे तिथे एकच सांधा सुजला तरी आता ते प्रमुख लक्षण धरतात. आपला देश अशा भागांतच मोडतो.

ए.एस.ओ.च्या रिपोर्टची भीती

सांधे दुखतात म्हणून रक्त तपासले आणि रिपोर्टात ए.एस.ओ. वाढलेला निघाला, की घरात काळजीचे वातावरण पसरते. हा कागद घेऊन येणारे पालक प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. तेव्हा ही तपासणी काय सांगते ते पाहू.

स्ट्रेप्टोकॉकस जंतू एक विष बाहेर टाकतो. त्या विषाविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिपिंडांचे मोजमाप म्हणजे ए.एस.ओ. ही प्रतिपिंडे जंतूच्या अंगावरच्या कुसांविरुद्धची नव्हेत आणि हृदयावर वार करणारीही नव्हेत. त्यांची पातळी फक्त एवढेच सांगते की गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हा जंतू येऊन गेला. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी ती सर्वांत जास्त असते आणि पुढे कित्येक महिने रेंगाळते. रिपोर्टवर बऱ्याचदा २०० ही मर्यादा छापलेली असते. पण शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलांतही आकडा याहून वर आढळतो, कारण त्यांना हा संसर्ग वरचेवर होत असतो.

मग कुसांविरुद्धची प्रतिपिंडेच का मोजत नाहीत? २०० हून अधिक जाती आणि प्रत्येकीची तपासणी वेगळी. गावातल्या प्रयोगशाळेत ते शक्य नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नुसता ए.एस.ओ. वाढला म्हणजे संधिज्वर झाला असे नाही. लक्षणे नसतील तर त्या आकड्यावर औषध द्यायचे नसते, आणि तो आकडा खाली आणण्यासाठी तर मुळीच नाही. चाळिशीतल्या माणसाचे गुडघे दुखतात आणि ए.एस.ओ. ३०० आहे, एवढ्यावरून त्याला पेनिसिलीनची इंजेक्शने सुरू करणे योग्य नव्हे. दुसरी गोष्ट याच्या उलट. संधिज्वर झालेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एकात ए.एस.ओ. वाढलेला नसतो. लक्षणे स्पष्ट असतील तर चांगल्या रिपोर्टावर विसंबून स्वस्थ बसू नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून आकडा चढतो आहे का हे पाहणे एका आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

घसा दुखल्यावर काय करावे?

घसादुखीची बहुतेक कारणे विषाणू असतात. नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे, डोळे लाल होणे ही लक्षणे असतील तर ते विषाणूंचे काम समजावे. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गुळण्या, गरम पेय, विश्रांती आणि तापाची गोळी पुरते.

पण अचानक जास्त ताप, गिळताना खूप दुखणे, जबड्याखाली हात लावला तर दुखणाऱ्या गाठी, टॉन्सिल लालभडक आणि त्यावर पांढरे ठिपके, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जंतूमुळे झालेला घसा वाटला तर डॉक्टर पेनिसिलीन किंवा त्याच कुळातले औषध १० दिवस देतात. किंवा लांबवर काम करणाऱ्या बेंझाथिन पेनिसिलीनचे एकच इंजेक्शन देतात. ज्यांना पेनिसिलीन चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. हा जंतू पेनिसिलीनला आजही दाद देतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी येते. ताप उतरतो, मूल जेवायला लागते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. ताप उतरला म्हणजे जंतू कमी झाले, गेले असे नव्हे. घशात उरलेले जंतू अंगावरची कुसे शरीराला दाखवतच राहतात आणि प्रतिपिंडे बनण्याचे काम चालू राहते. १० दिवस औषध घ्यायचे ते घशासाठी नव्हे, हृदयासाठी.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील वॉरन हवाई तळावर तरुण सैनिकांत जंतूच्या घसादुखीची साथ होती. तिथल्या डॉक्टरांनी ७९८ सैनिकांना पेनिसिलीन दिले आणि ८०४ जणांना त्या काळच्या प्रथेप्रमाणे दिले नाही. औषध मिळालेल्यांपैकी दोघांना संधिज्वर झाला, न मिळालेल्यांपैकी सतरा जणांना. हे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसले की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांपर्यंत औषध सुरू केले तरी संधिज्वर टळतो. म्हणजे दोन दिवस उशीर झाला तर घाबरायचे कारण नाही, पण दुखणे अंगावर काढायचेही कारण नाही.

टॉन्सिल काढून टाकले तर काम भागेल का, असे पुष्कळ जण विचारतात. तसे होत नाही. टॉन्सिल काढल्यावरही हा जंतू घशात शिरू शकतो.

तीन आठवड्यांचे इंजेक्शन

एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला पुन्हा तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. त्याच्या शरीराने ती चुकीची ओळख एकदा पक्की केलेली असते. आता कोणत्याही नव्या जातीचा जंतू घशात आला की तीच प्रतिपिंडे पुन्हा उसळतात आणि आधीच वण पडलेल्या झडपेवर दुसरा घाव बसतो. प्रत्येक घावागणिक झडप आणखी बिघडते. कधी कधी तर घसा दुखल्याचे जाणवतही नाही आणि आत हा प्रकार घडून जातो. म्हणून घसा दुखण्याची वाट न पाहता जंतूला घशात पायच ठेवू द्यायचा नाही, असा उपाय आहे. तो म्हणजे दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन. आपल्या भागात ते 'पेनिड्युअर' या नावाने ओळखले जाते. मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, २७ किलोखालील मुलांना ६ लाख.

किती वर्षे घ्यायचे? हृदयाला काही झाले नसेल तर किमान ५ वर्षे आणि वयाची १८ ते २१ वर्षे होईपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर. हृदयाला सूज येऊन गेली असेल तर किमान १० वर्षे. झडप कायमची बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत, प्रसंगी जन्मभर. नेमका काळ तुमचे डॉक्टर ठरवतील. बंदही त्यांनीच करायचे, आपण नाही.

इंजेक्शन दुखते, हे खरे आहे. रिअॅक्शनची भीतीही असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १,७९० रुग्णांना मिळून ३२,४३० इंजेक्शने दिली गेली. त्यांत गंभीर रिअॅक्शन चार जणांना आली, त्यांतला एक रुग्ण दगावला. धोका शून्य नाही, पण इंजेक्शन न घेण्याच्या धोक्यापुढे तो फार लहान आहे. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावे, उपाशीपोटी घेऊ नये, आडवे पडून घ्यावे आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावे. ज्यांची झडप फार बिघडली आहे आणि दम लागतो आहे, त्यांना इंजेक्शनऐवजी गोळ्या द्याव्यात का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

इंजेक्शन मध्येच तुटते ते बहुतेक वेळा भीतीमुळे नव्हे, तर जगण्याच्या धबडग्यात. ऊसतोडीला कुटुंब बाहेरगावी जाते, मुलगा शिकायला वसतिगृहात जातो. आणि मुलीच्या बाबतीत एक वेगळेच कारण असते. तिचे लग्न ठरते. सासरी कळले तर काय म्हणतील, या धास्तीने माहेरचे लोक आजार लपवतात आणि त्याबरोबर इंजेक्शनही बंद होते. दोन वर्षांनी ती बाळंतपणासाठी माहेरी येते तेव्हा तिला जिना चढवत नाही, रात्री आडवे झाले की गुदमरते. नेहमी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडणारी डाव्या बाजूची मिट्रल झडप चिकटून अरुंद झालेली असते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि ते या अरुंद दारातून पुढे जाऊ शकत नाही. फुप्फुसांत पाणी साचते. आईचा आणि बाळाचा, दोन्ही जीव टांगणीला लागतात.

आयाबापांना कळकळीने सांगावेसे वाटते, मुलीचा आजार लपवून तिचा संसार सुखाचा होत नसतो. जावयाला विश्वासात घ्या, दोघांना डॉक्टरांकडे आणा. हे इंजेक्शन गरोदरपणात चालते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. मूल होऊ द्यावे की नाही, केव्हा, बाळंतपण कुठे करावे, हे झडपेची स्थिती पाहून आधी ठरवता येते. अरुंद झालेली झडप फुग्याने रुंद करण्याची सोय आज आहे, छाती न उघडता. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून झडपेच्या उपचारांना आपल्या राज्यात मदतही मिळते. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्यांच्या यादीतही हा आजार आहे. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

लवकर सापडले तर फायदा किती होतो, हे युगांडात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तिथे बाहेरून काहीही त्रास नसलेल्या, फक्त एको तपासणीत झडपेचा सुरुवातीचा बिघाड सापडलेल्या सुमारे ८०० मुलांचे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीन दिले. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्या गटात ३३ मुलांचा आजार वाढलेला होता. इंजेक्शन घेतलेल्या गटात फक्त तिघांचा.

मग लस का नाही?

एम प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्षणही करतात आणि घातही करतात. लस करणाऱ्यांपुढे हाच पेच आहे. १९६९ साली अमेरिकेतून असे वृत्त प्रसिद्ध झाले, की एम प्रथिनाची प्रायोगिक लस टोचलेल्या मुलांपैकी तिघांना नंतर संधिज्वर झाला. ती मुले संधिज्वराच्या रुग्णांची भावंडे होती. दोष लसीचाच होता हे सिद्ध झाले नाही, पण १९७९ साली तिथल्या सरकारने अशा लशींवर बंदी घातली. ती २००५ साली उठली. आता शास्त्रज्ञ कुसाचे फक्त निरुपद्रवी तुकडे निवडून लस करत आहेत. अमेरिकेत तीस जातींची टोके एकत्र केलेली लस, तर ऑस्ट्रेलियात सारख्या असलेल्या बुंध्याच्या छोट्या तुकड्याची लस, असे प्रयत्न चालू आहेत. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेनेही या हृदयविकाराकडे लक्ष देण्याचा ठराव केला. पण आज तरी टोचून घ्यायला लस उपलब्ध नाही. आपल्या हातात आहे ते पेनिसिलीन. ते स्वस्त आहे, जुने आहे आणि वेळेवर घेतले तर पुरेसे आहे.

लक्षात ठेवण्यासारखे

१. सर्दी-खोकला नसताना जोराचा ताप आणि घसादुखी असेल तर मुलाला दोन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे न्या.

२. औषध १० दिवसांचे असेल तर १० दिवस द्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी.

३. मुलाचा सांधा सुजला आणि ताप आला, तर महिन्याभरात घसा दुखला होता का हे आठवून डॉक्टरांना सांगा.

४. अक्षर बिघडले, हात थरथरतात, वस्तू पडतात, अशी मुलगी दिसली तर रागावू नका. तिचे हृदय तपासून घ्या.

५. ए.एस.ओ.चा आकडा म्हणजे आजार नव्हे. आकड्यासाठी इंजेक्शने घेऊ नका.

६. तीन आठवड्यांच्या इंजेक्शनची तारीख कालनिर्णयवर खुणेने मांडून ठेवा. बाहेरगावी जाताना इंजेक्शनचे कार्ड बरोबर न्या. ते कोणत्याही गावच्या दवाखान्यात दाखवता येते.

७. मुलीचे लग्न ठरले म्हणून इंजेक्शन थांबवू नका.

घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाचे इंजेक्शन मध्येच तुटले असेल, तर 'आता काय उपयोग' असे म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि पुन्हा सुरू करा. मागे पडलेला वण पुसता येत नाही, पण पुढचा घाव नक्की चुकवता येतो.